मेडिकलच्या काउंटरवर दुर्मिळ आजाराचा पेशंट: फार्मासिस्टने काय माहीत ठेवायचं आणि कसं वापरायचं

डी.फार्म असो नाहीतर बी.फार्म, कॉलेजात दुर्मिळ आजारांची दोन-चार नावं कानावरून जातात, हिमोफिलिया, विल्सन, फार तर गॉशर, ती पण परीक्षेपुरती, आणि एकदा मेडिकल टाकलं की रोजच्या पॅन्टोप्राझोल, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टनच्या धबडग्यात ती सगळी विसरायला होतात. मग कधीतरी कुणीतरी चिठ्ठी घेऊन येतं, त्यावरचं नाव सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर येत नाही, स्टॉकिस्टला फोन केला तर तो म्हणतो हे कधी मागवलंच नाही, आणि आपण पेशंटला सांगून मोकळे होतो की "पुण्याला बघा". हे लिहितोय ते त्या दिवसासाठी तर आहेच, पण त्याहून जास्त रोजच्या साध्या दिवसांसाठी, कारण या लोकांना खरा धोका तिथे असतो.

असे आजार सात हजारांच्या आसपास मोजले जातात, त्यातले साधारण ८० टक्के जनुकीय, आणि नेमकं औषध निघालंय असे पाच टक्के पण नाहीत. युरोपात दोन हजार लोकांत एक किंवा त्याहून कमी असेल तर दुर्मिळ म्हणतात, अमेरिकेत पूर्ण देशात दोन लाखांपेक्षा कमी पेशंट असतील तर, आणि आपल्याकडे २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये ऑर्फन ड्रग म्हणजे पाच लाखांपेक्षा जास्त लोकांना होत नाही अशा आजारावरचं औषध असं धरलंय. यादी पाठ करायला कुणी बसू नका. त्यांचं महागडं औषध बहुतेक वेळा हॉस्पिटलमधून येतं, पण सर्दी, जुलाब, कंबरदुखी, पोरांचा ताप, पाळी पुढे ढकलायची गोळी हे सगळं ते तुमच्या-माझ्याकडूनच नेतात, आणि बऱ्याच आजारांत नेमकी हीच साधी औषधं घात करतात.

आधी पेशंट ओळखा

काउंटरवर कुणी येऊन "मला मायस्थेनिया आहे" असं सांगत नाही. लोक म्हणतात "एक क्रोसिन द्या" आणि पैसे पुढे करतात. म्हणून एक प्रश्न तोंडात बसवून घ्या, "काका, आधीचं काही औषध चालू आहे का? कुठली गोळी कायमची घेता का?" बीपी-शुगरचं उत्तर येईल शंभरातल्या नव्वद वेळा, पण कधीतरी वेगळं नाव येईल आणि तेव्हा थांबायचं.

काही औषधं अशी आहेत की नाव ऐकलं की आजार लक्षात आलाच पाहिजे. पायरिडोस्टिग्मिन म्हणजे जवळपास नक्की मायस्थेनिया ग्रॅव्हिस, स्नायू लवकर थकण्याचा आजार. पेनिसिलामिन म्हणजे बहुतेक विल्सन (शरीरात तांबं साठण्याचा आजार), क्वचित सिस्टिनुरिया (मूतखडे करणारा आजार) नाहीतर जुना संधिवात. हायड्रोकॉर्टिझोनच्या गोळ्या आणि जोडीला फ्लुड्रोकॉर्टिझोन असेल तर ॲडिसन किंवा जन्मतः असलेला ॲड्रिनलचा आजार, म्हणजे सीएएच. डेफ्लाझाकॉर्ट लहान मुलाला महिनोन्महिने चालू असेल आणि पोरगं चालताना पडत असेल तर ड्युशेन, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होण्याचा आजार. असं एखादं नाव दिसलं की सॉफ्टवेअरमध्ये त्या पार्टीच्या नावापुढे नोंद टाका, आजाराचं नाव आणि "हे औषध देऊ नये" असं ठळक, म्हणजे तुम्ही जेवायला घरी गेलात आणि काउंटरवर पोऱ्या असला तरी बिल करताना ते दिसेल. सॉफ्टवेअर नसेल तर एक वही करा. मात्र पेशंटला विचारून करा, आणि चार गिऱ्हाईकं उभी असताना मोठ्याने आजाराचं नाव घेऊ नका. आपल्या गावात लग्नं जमायची असतात, घरात एक जनुकीय आजार आहे हे बाहेर पडलं की त्या घरातल्या बाकीच्या पोरा-पोरींना त्रास होतो, हे आपल्या सगळ्यांना माहितीये.

कुठल्या आजारात कुठलं साधं औषध नडतं

मायस्थेनियापासून सुरू करतो कारण त्यात चूक व्हायची शक्यता आपल्याकडे सगळ्यात जास्त. यात मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप नीट पोचत नाही, संध्याकाळी पापण्या गळतात, दोन-दोन दिसतं, जेवताना जबडा दमतो, गिळायला त्रास होतो आणि वाढलं तर श्वासाचे स्नायू थकतात. आता जुलाबाला आपल्याकडे सर्रास काय मागतात? ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची स्ट्रिप. ऑफ्लोक्सासिन, सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन हा सगळा फ्लुरोक्विनोलोन गट मायस्थेनियात स्नायूंची कमजोरी एकदम वाढवू शकतो, अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये या गटाच्या लेबलवर सगळ्यात वरच्या दर्जाचा काळ्या चौकटीतला इशारा टाकायला लावला तो याच कारणासाठी. अझिथ्रोमायसिन आणि त्याचे भाऊबंद पण धोक्याचे, जेंटामायसिन-ॲमिकासिनची इंजेक्शनं धोक्याची, क्विनिन, क्लोरोक्विन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, आणि बीटा ब्लॉकर, त्यात प्रोप्रानोलॉल तर आलंच पण काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब सुद्धा, जे थेंबच आहेत म्हणून कुणाच्या डोक्यातही येत नाही. मग अशा पेशंटला जुलाब झाले तर? ओआरएस द्या आणि अँटिबायोटिक त्याच्या न्यूरोच्या डॉक्टरला फोन करून ठरवा. खरं तर बिनचिठ्ठीचं ऑफ्लोक्सासिन कुणालाच द्यायचं नसतं, पण निदान इथे तरी हात आखडता घ्या. आणि पेशंट बोलताना नाकात बोलायला लागलाय, पाण्याचा घोट पण ठसकतोय, धाप लागलीये असं दिसलं तर गोळ्या-बिळ्या बाजूला ठेवून सरळ आयसीयू असलेल्या हॉस्पिटलला पाठवा, त्यात तास घालवायचे नसतात.

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं पण काउंटरवर घोळ होतो तो कॉम्बिनेशनमध्ये. ॲस्पिरिन नको हे ठाऊक असतं, पण कॉम्बिफ्लाम मागितली तर त्यात पॅरासिटामॉल बरोबर आयबुप्रोफेन आहे हे त्या आईला माहीत नसतं, ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलचं पण तेच. नुसतं पॅरासिटामॉल द्या. कमरेत इंजेक्शन ठोकायला कुणी सांगितलं तर थांबवा, स्नायूत रक्त साकळतं. फॅक्टर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारं इंजेक्शन, घरी ठेवायला दिलं असेल तर २ ते ८ डिग्रीत, फ्रीजरच्या कप्प्यात अजिबात नाही, गोठलं की वाया.

पोर्फिरिया, यातले पोटदुखीचे झटके येणारे प्रकार. पोटात असह्य कळा, उलट्या, कधी लघवी गडद लालसर, आणि सोनोग्राफी स्वच्छ, म्हणून बाई वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या नेत राहते. झटका आणणारी औषधं म्हणजे फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, कोट्रायमॉक्सॅझोल, रिफाम्पिसिन, आणि प्रोजेस्टोजेन. या शेवटच्याकडे नीट लक्ष द्या, कारण गणपती, सत्यनारायण, लग्नकार्य आलं की पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरोन मागायला बायका रांगेने येतात आणि आपण काही न विचारता देतो. दुसरं म्हणजे उपवास. पोट रिकामं राहिलं, कार्बोहायड्रेट कमी पडलं की झटका येऊ शकतो, त्यामुळे अशा ताईंना नवरात्रीचे नऊ दिवस कडक उपास करू नका हे सांगायला लाजू नका, डॉक्टर सांगायचे राहून गेले असतील.

लाँग क्यूटी सिंड्रोम हा हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात आजार, घरात कुणीतरी तरुणपणी अचानक गेलेलं असतं. यात अझिथ्रोमायसिन, डॉमपेरिडोन, ऑन्डान्सेट्रॉन, फ्लुकोनाझोल नको. डॉमपेरिडोन आपल्याकडे पॅन्टोप्राझोलला चिकटूनच येतं, म्हणून ॲसिडिटीची गोळी मागितली की नुसतं पॅन्टोप्राझोल द्या, "डी" वालं नाही.

एचएई, म्हणजे वंशपरंपरेने येणारी सूज, ओठ, हात, पोट, कधी घसा सुजतो. ती ॲलर्जी नाही, म्हणून सेट्रिझिन आणि ॲव्हिलवर उतरत नाही. यांना बीपीच्या गोळ्यांतला रामिप्रिल-एनालाप्रिलचा गट आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालत नाहीत. घसा सुजला तर हॉस्पिटल.

लहान मुलांच्या बाबतीत औषधापेक्षा औषधात मिसळलेलं काय आहे ते बघावं लागतं, आणि इथे डॉक्टरपेक्षा आपण जास्त उपयोगी पडतो कारण बाटलीचं लेबल आपल्या हातात असतं. फ्रुक्टोज न पचणाऱ्या मुलाला, म्हणजे हेरिडिटरी फ्रुक्टोज इनटॉलरन्स असेल तर, साखर आणि सॉर्बिटॉल दोन्ही नको, आणि आपल्या रॅकवरची जवळजवळ सगळी सिरप या दोनपैकी एकाने गोड केलेली असतात, शुगर फ्री लिहिलेलं तर बहुतेक सॉर्बिटॉलवालंच. फिनाइलकिटोनुरिया, म्हणजे पीकेयू असेल तर ॲस्पार्टेम नको, ते चघळायच्या आणि तोंडात विरघळणाऱ्या गोळ्यांत बऱ्याचदा असतं, मॉन्टेलुकास्टच्या चघळायच्या गोळ्या हे ठळक उदाहरण. गॅलेक्टोसेमियाच्या बाळाला बद्धकोष्ठतेसाठी लॅक्टुलोज द्यायचं नाही, त्यात गॅलेक्टोज असतं. बारीक अक्षरातलं वाचा, दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचा.

आणि आकडी येणाऱ्या पोरांच्या चिठ्ठीत कधी "हे नाही, ते चालेल का" असं करू नका. ड्रावेट सिंड्रोममध्ये कार्बामाझेपिन, फेनिटॉइनने आकडी वाढते. युरिया सायकलच्या आजारात (यात अंगात अमोनिया साठतो) आणि काही मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात व्हॅल्प्रोएट जिवावर बेततं.

चिठ्ठी विचित्र वाटली तर

याचा अनुभव प्रत्येकाला येतो. तीन वर्षांच्या मुलीला सिल्डेनाफिल लिहिलेलं असतं आणि काउंटरवरचा पोऱ्या हसतो. हसू नका, त्या बापाने आधीच दहा ठिकाणी तो चेहरा पाहिलेला असतो. फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर वाढतं, पल्मोनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, त्यावर हे औषध आहे आणि दिवसातून तीन वेळा न चुकता लागतं. तसंच पुरुषाला डॅनॅझोल दिसलं तर "हे बायकांचं औषध आहे" म्हणून परत पाठवायचं नाही, एचएईमध्ये सूज येऊ नये म्हणून ते वर्षानुवर्षं वापरतात. सोडियम बेन्झोएट, जे आपण लोणच्यात टाकायचं प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून ओळखतो, ते युरिया सायकलच्या आजारात अमोनिया काढायला औषध म्हणून लागतं, आणि ते औषधी दर्जाचंच पाहिजे, किराणातलं नाही. ग्लायकोजेन साठण्याच्या आजारात (पहिला प्रकार) चिठ्ठीवर चक्क कॉर्नस्टार्च असतं, कच्चं, थंड पाण्यात कालवून, ठरलेल्या तासांनी, रात्री उठवून सुद्धा. ते शिजवलं किंवा गरम पाण्यात टाकलं की लवकर पचतं आणि पहाटे शुगर पडते. एवढं एक वाक्य तुम्ही त्या आईला सांगितलंत तरी खूप आहे.

नियम सोपा ठेवा. विचित्र वाटलं तर नकार देण्याआधी डॉक्टरला फोन. डोस, वजन आणि कशासाठी हे तिन्ही विचारा, वहीत लिहा, पुढच्या वेळी विचारावं लागणार नाही.

याच्या उलटी एक गोष्ट आहे, आपल्या चांगल्या हेतूने केलेला इशारा. हायड्रोकॉर्टिझोन दिसलं की आपण लगेच म्हणतो "स्टेरॉइड आहे हं, जास्त दिवस घेऊ नका". ॲडिसन किंवा सीएएचच्या पेशंटचं शरीर ते बनवतच नाही, त्याच्यासाठी ही गोळी म्हणजे जगण्याचा भाग आहे, बंद केली तर दोन-तीन दिवसांत बीपी पडून, उलट्या होऊन तो जाऊ शकतो. उलट ताप आला, मोठी जखम झाली तर डोस दुप्पट-तिप्पट करायला डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं असतं, आणि उलटीमुळे गोळी टिकतच नसेल तर हायड्रोकॉर्टिझोनचं इंजेक्शन, मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम, आणि लगेच हॉस्पिटल. म्हणून असा पेशंट तापाची गोळी मागायला आला की विचारा, "तुमचा आजारपणातला डोस वाढवला का?" आणि त्याच्याकडे इंजेक्शनची कुपी घरात आहे का, एक्सपायरी कधीची आहे ते पण बघायला सांगा. डेफ्लाझाकॉर्ट, प्रेडनिसोलोन बराच काळ घेणाऱ्यांचं पण तेच, एकदम बंद नाही.

औषध हातात देताना

विल्सनचा आजार जरा सविस्तर सांगतो कारण यात फार्मासिस्ट किती काही करू शकतो ते दिसतं. शरीरातलं जास्तीचं तांबं बाहेर टाकता येत नाही, ते लिव्हरमध्ये आणि मेंदूत साठतं, साधारण तीस हजारांत एकाला. उपचार आहे, आणि वेळेवर सुरू झाला व आयुष्यभर चालू राहिला तर माणूस नॉर्मल आयुष्य जगतो. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामिन वापरून दाखवलं तेव्हापासून ते वापरात आहे.

पहिलं, नाव. पेनिसिलामिन आणि पेनिसिलिन. फोनवर ऑर्डर देताना, घाईत रॅकमधून काढताना गोंधळ होऊ शकतो, दोन्ही नावं मोठ्याने पूर्ण वाचा. दुसरं, उपाशीपोटी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी, आणि लोह, झिंक, अँटासिड यांच्याबरोबर नाही, कारण ते त्याला पोटातच बांधून टाकतात. बरोबर बी६ म्हणजे पायरिडॉक्सिन दिलेलं असतं, ते "व्हिटॅमिनच आहे, राहू दे" म्हणून पेशंट पैसे वाचवायला सोडून देतो, तसं करू देऊ नका. तिसरं, झिंक. काहींना नुसतं झिंक चालू असतं, आणि इथे लेबलवरचा आकडा फसवतो. २२० मिलिग्रॅम झिंक सल्फेट म्हणजे प्रत्यक्ष झिंक ५० मिलिग्रॅम. चिठ्ठीवर ५० म्हणजे मूळ झिंक की क्षार, हे बघितल्याशिवाय ब्रँड बदलायचा नाही. पोरांच्या जुलाबाच्या २० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्या ही वेगळीच गोष्ट, त्या पर्याय म्हणून हातात टेकवू नका.

चौथं आपल्या घरातलं आहे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी सकाळी उठून प्यायचं हे आपल्याकडे आरोग्याचं म्हणून सांगतात, आणि हल्ली तर तांब्याच्या बाटल्या भेट म्हणून देतात. विल्सनच्या पेशंटला ते पाणी बंद. "ताकदीची गोळी द्या" म्हणून मल्टिव्हिटॅमिन मागितली तर त्यात कॉपर सल्फेट आहे का बघा, बऱ्याच मिनरलवाल्या गोळ्यांत असतं. आणि लिव्हरचा आजार म्हटल्यावर घरचे आयुर्वेदिक काहीतरी सुरू करतातच, आरोग्यवर्धिनी हे पहिलं नाव, तिच्यात ताम्र भस्म असतं. इतर कुणाला तिचा काय उपयोग तो वेगळा विषय, या पेशंटला ती नको. पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बरं वाटायला लागलं की पोरं वीस-बावीस वर्षांची होऊन हॉस्टेलला जातात आणि गोळ्या बंद करतात, वर्षभर काही होत नाही, आणि मग एकदम लिव्हर फेल होऊन येतात. तुमच्याकडे दर महिन्याला येणारी पार्टी दोन महिने आली नाही तर फोन करा. हा फोन डॉक्टर करू शकत नाही, त्याच्याकडे तीन-चार महिन्यांनी एकदा जातात, आपल्याकडे महिन्याला येतात.

मायस्थेनियात पायरिडोस्टिग्मिनची वेळ पाळायची, तिचा परिणाम तीन-चार तासच टिकतो, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतली तर घास नीट गिळता येतो. लांब पल्ल्याची गोळी असेल तर तोडायची-कुटायची नाही.

एसएमए, म्हणजे स्नायू कमजोर होत जाण्याचा जनुकीय आजार, असलेल्या पोरांचं रिस्डिप्लाम पावडरच्या रूपात येतं आणि ते पाण्यात कालवून देणं हे फार्मासिस्टचं काम आहे, घरच्यांना पावडर तशीच द्यायची नाही. मूळ ब्रँडची ६० मिलिग्रॅमची बाटली शुद्ध पाणी घालून ८० मिली होते, ग्लोव्हज घाला, पावडर श्वासात जाऊ देऊ नका, बाटलीवर टाकून द्यायची तारीख लिहा, कालवल्यापासून ६४ दिवस, फ्रीजमध्ये. सोबत आलेल्या सिरिंजनेच मोजायचं, भरल्यावर पाच मिनिटांत द्यायचं, दुधात मिसळायचं नाही. दुसऱ्या कंपनीचं असेल तर त्याच्या लेबलवर जे लिहिलंय ते खरं.

सिस्टिक फायब्रोसिस (फुफ्फुसात आणि पॅनक्रियाजमध्ये घट्ट चिकट स्राव साठण्याचा आजार) असलेल्या मुलांची पॅनक्रियाजच्या एन्झाइमची कॅप्सूल जेवताना पहिल्या घासाबरोबर, उघडून दाणे थंड, किंचित आंबट फळाच्या गरावर टाकून चालतात, पण चावायचे नाहीत आणि गरम वरण-भातात ढवळायचे नाहीत.

फ्रीजबद्दल एकच सांगतो. लोडशेडिंग असलेल्या गावात २ ते ८ डिग्रीचं औषध ठेवायचं तर इन्व्हर्टर आणि आत थर्मामीटर पाहिजेच, आणि पेशंटला देताना बर्फाची पिशवी औषधाला थेट चिकटवायची नाही, मधे कापड किंवा पुठ्ठा.

खंड पडू देऊ नका

या औषधांना कंपन्या एक-दोन, स्टॉक कमी, मधेच गायब होतं. म्हणून महिना संपताना ऑर्डर टाकून चालत नाही. पेशंटकडे किमान तीन-चार आठवड्यांचा साठा शिल्लक असतानाच पुढची ऑर्डर जायला हवी, आणि दिवाळीच्या सुट्ट्या, वर्षअखेरचं स्टॉकिस्टचं क्लोजिंग हे धरून. स्टॉकिस्ट नाही म्हणाला तर कंपनीच्या मेडिकल विभागाला सरळ ईमेल करा, जिल्ह्यातल्या केमिस्टच्या ग्रुपवर टाका, मुंबई-पुण्यातल्या ज्या हॉस्पिटलमध्ये तो पेशंट दाखवतो तिथल्या फार्मसीला विचारा. आपल्याला त्यात मार्जिन जवळजवळ नसतं हे खरं आहे, शॉर्ट एक्सपायरीचा माल अंगावर पडायची भीती पण खरी आहे, म्हणून ॲडव्हान्स घेऊन मागवा, त्यात गैर काही नाही, पण "मिळत नाही" हे उत्तर तीन फोन केल्याशिवाय देऊ नका.

पैशाचा आणि सरकारचा रस्ता

पेशंटचे घरचे हे आपल्यालाच विचारतात, म्हणून एवढं माहीत पाहिजे. नॅशनल पॉलिसी फॉर रेअर डिसीजेस २०२१ मध्ये आली, आणि २०२२ च्या बदलानंतर यादीतल्या आजारांसाठी एका पेशंटला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती ठरवलेल्या सेंटर ऑफ एक्सलन्समधूनच. महाराष्ट्रात ते म्हणजे परळचं केईएम हॉस्पिटल. लातूर-नांदेडकडच्या लोकांना हैदराबादचं निम्स जवळ पडतं, तिथे पण सेंटर आहे. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी, सगळे रिपोर्ट, जनुकीय टेस्टचा रिपोर्ट असेल तर तो, आधार, हे घेऊन तिथे नोंद करायची. मंत्रालयाचं लोकवर्गणीचं पोर्टल पण त्याच पॉलिसीखाली आहे, नोंद झालेल्या पेशंटसाठी. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहेत, त्यांना यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायला सांगा.

औषध भारतात मिळतच नसेल तर पेशंट स्वतःच्या नावावर मागवू शकतो. सीडीएससीओच्या, म्हणजे केंद्राच्या औषध नियामकाच्या, सुगम पोर्टलवर फॉर्म १२ए भरायचा, डॉक्टरची चिठ्ठी जोडायची, १२बी चं परमिट मिळतं, एका वेळी सरासरी १०० डोसपर्यंत. आणि १ एप्रिल २०२३ पासून पॉलिसीतल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराकरता आणलेल्या औषधांवर आणि खास वैद्यकीय आहारावर कस्टम ड्युटी माफ आहे, त्यासाठी जिल्हा शल्य चिकित्सकाचं किंवा आरोग्य संचालकाचं सर्टिफिकेट लागतं. हे सर्टिफिकेट पार्सल विमानतळावर अडकल्यावर काढायला धावू नका, आधीच काढून ठेवा. बिलिंगचं पण बघून घ्या, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवरक्षक औषधांवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झालाय, रिस्डिप्लाम त्यात आहे, आणि गॉशरचं इमिग्लुसरेज, फॅब्रीचं ॲगॅल्सिडेज बीटा (दोन्ही आजार एन्झाइम कमी पडल्याचे) हे पाचवरून शून्य. सॉफ्टवेअरमध्ये जुना रेट राहिला असेल तर ते पैसे पेशंटच्या खिशातून जातात.

आणि महाग आहे म्हणून आशा सोडलेल्यांना एक गोष्ट जरूर सांगा. २०२३ च्या शेवटी केंद्राने चार दुर्मिळ औषधांची देशी जेनेरिक जाहीर केली, टायरोसिनेमियाचं निटिसिनोन, गॉशरचं एलिग्लुस्टॅट, विल्सनचं ट्रायएंटिन, आणि ड्रावेटसारख्या आकडीचं कॅनाबिडिऑल. निटिसिनोनचा वर्षाचा खर्च सव्वादोन कोटींच्या घरातून अडीच लाखांवर येईल असं तेव्हा सांगितलं होतं. रिस्डिप्लामचं पण नॅटकोचं जेनेरिक २०२५ मध्ये कोर्टाच्या लढाईनंतर बाजारात आलं. दोन वर्षांपूर्वी "परवडत नाही" म्हणून ज्यांनी फाइल कपाटात ठेवली त्यांना आज फोन करायला हवा, आणि हे त्यांना कळवणारं गावात आपल्याशिवाय दुसरं कोण आहे?

माहिती कुठे बघायची

व्हॉट्सॲप फॉरवर्डवर नाही. आजारासाठी ऑर्फानेट, फ्रान्समध्ये १९९७ ला सुरू झालेलं, तिथे इमर्जन्सीत काय करायचं याच्या सूचना पण आहेत. लाँग क्यूटीसाठी क्रेडिबलमेड्सची यादी. पोर्फिरियासाठी नॉर्वेच्या नापोसचा औषधांचा डेटाबेस, औषधाचं नाव टाकलं की चालेल की नाही सांगतो. पेशंटच्या घरच्यांना त्यांच्यासारख्या दुसऱ्या कुटुंबांशी जोडून द्यायचं असेल तर बेंगळुरूची ओआरडीआय, लायसोसोमलच्या (गॉशर, फॅब्रीसारख्या) आजारांसाठी एलएसडीएसएस, एसएमएसाठी क्युअर एसएमए फाउंडेशन, हिमोफिलियासाठी हिमोफिलिया फेडरेशन, ज्यांच्या शाखा जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत. आणि स्वतः पेशंटला विचारा. ज्या आईने पाच वर्षं एका आजाराशी झुंज दिलीये तिला त्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळतं, तिने आणलेली फाइल बाजूला सारू नका, वाचा.

शेवटचं काम बहुतेक जण करतच नाहीत. नवीन औषध सुरू झाल्यावर अंगावर पुरळ आलं, लघवीत फरक पडला, कमजोरी वाढली असं काही पेशंटने सांगितलं तर डॉक्टरला कळवाच, पण पीव्हीपीआयला, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाला, पण कळवा, टोल फ्री १८००-१८०-३०२४, किंवा त्यांच्या ॲपवर फॉर्म भरा, फार्मासिस्टला तो भरता येतो आणि औषधामुळेच झालं हे सिद्ध करायची गरज नसते, संशय पुरतो. दुर्मिळ आजाराच्या औषधांच्या चाचण्या थोड्या लोकांवर झालेल्या असतात, कधी शंभर-दोनशे पण नाहीत, आणि त्यात भारतीय पेशंट तर नावापुरते, त्यामुळे तालुक्याच्या एका मेडिकलमधून गेलेला एक रिपोर्ट तिथे मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलच्या रिपोर्टइतकाच मोजला जातो.